लाइपझिगमध्ये मुलगी दाखवायला गेलो

घराचा लोखंडी जिना: सतरा पायऱ्या, प्रत्येक साडेसहा इंच, एका सुताचाही फरक नाही. शेजारच्या तीन सोसायट्यांची गेटं. बायकोची दुमडणारी विळी. दुकानातलं वेल्डिंगचं टेबल. स्नेहलचं पुस्तकांचं कपाट, आणि या प्रवासासाठी तिच्या बॅगेला नवी चाकं, कारण कंपनीची चाकं तेवीस किलोला टिकत नाहीत. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं, कुणाकडे न शिकता. माझ्या मुलीला जर्मनीत मिळालेला प्रवेश तेवढा मी बनवलेला नाही. तो तिने बनवला. म्हणून म्हटलं, निदान पोचवायला तरी जावं. नऊ दिवस.

नवी मुंबईच्या विमानतळासाठी आमच्या गावांची शेतं गेली, पण फ्रँकफर्टचं विमान धरायला पनवेलहून अंधेरीलाच जावं लागलं. टॅक्सीला अठराशे रुपये. फ्रँकफर्टहून लाइपझिगला रेल्वेने साधारण तीन तास. तिकीट महिनाभर आधी काढलंत तर निम्म्यात होतं. एप्रिल असला तरी स्वेटर वरच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

पहिल्या दिवशी शहर पाहिलं. ट्राम वेळेवर येते, दोन मिनिटं उशीर झाला तर लोक घड्याळाकडे अशा नजरेने बघतात जशी आपल्याकडे मयताला उशिरा आलेल्या जावयाकडे बघतात. पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात. जेवायला तुर्की रोटीत गुंडाळलेलं मटण, साडेसात युरो, दोघांना एक पुरतं. फुटपाथ मी पायाने मोजून पाहिला. दगड एका रेषेत आहेत.

खरं काम दुसऱ्या दिवसापासून. स्नेहलला हॉस्टेल मिळालं नव्हतं. दहा दिवसांची तात्पुरती खोली होती. इथे पत्त्याची सरकारी नोंद लागते, आणि त्यासाठी घरमालकाचं पत्र. पत्र नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर पुढचं सगळं अडतं. (खोली घेताना आधी हेच विचारा: पत्र देणार का?) माझं परतीचं विमान नवव्या दिवशी. तोवर पोरीला घर नाही मिळालं, तर तिला परक्या गावात कुणाच्या भरवशावर सोडायचं?

तिथली मुलं तीन-चार जण मिळून एक फ्लॅट घेतात. एक खोली रिकामी झाली की नव्या माणसाला चहाला बोलावतात आणि बघतात. ओळखीचं वाटलं ना? मलाही वाटलं. उरणपासून आपट्यापर्यंतच्या लोकांना मी चार वर्षं सांगत आलो होतो, माझी मुलगी ट्रे घेऊन कुणासमोर बसणार नाही. आणि इथे स्वतः चिवड्याचा डबा घेऊन तिच्या शेजारी बसलो.

"भांडी लगेच धुतेस की साठवतेस?" एका मुलीने विचारलं.

"लगेच," मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो. "तांदळाची भाकरी हातावर थापते. आवाज नाही, गडबड नाही."

"बाबा," स्नेहल पुटपुटली, "त्यांनी मला विचारलंय."

मग मी नळाचा जोर पाहिला, भिंत ठोकली, टेप काढून खोली मोजली. जाहिरातीत चौदा चौरस मीटर, प्रत्यक्षात तेरा पूर्णांक चार. तसं सांगितलंही. एका मुलाने नम्रपणे विचारलं, "तुम्हीपण राहणार का इथे?"

निरोप देताना म्हणाले, कळवतो.

चार घरं झाली. चारही ठिकाणी कळवतो. एवढा सभ्य नकार मी फक्त वरपक्षाकडूनच ऐकला होता.

रात्री बायकोचा फोन. "पोरीला जागा भेटली का नाय? तुमी तिकडं गेट मापीत बसू नका, सांगून ठेवते." आमच्या घरी बारीक नजर फक्त माझीच आहे असं नाही.

सहाव्या दिवशी ट्रामच्या थांब्यावर स्नेहल थांबली. "बाबा, आजच्या घरी तुम्ही येऊ नका."

"का? तुला पाण्याच्या जोरातलं काय कळतं?"

"नाही कळत. पण तुम्ही आलात की ते तुम्हाला बघतात. मी कोण ते राहूनच जातं."

मला राग आला. तरी मागेच राहिलो. दोन गल्ल्या सोडून बागेतल्या बाकावर बसलो. बाकाचा एक बोल्ट ढिला होता. एक तास चाळीस मिनिटं.

ती आली. मी म्हणालो, "काय विचारलं?"

"घरात काही बिघडलं तर काय करतेस."

"मग?"

"म्हटलं, बाबा करतात. मला स्क्रू कुठल्या बाजूला घट्ट होतो तेही माहीत नाही. शिकवलंत तर शिकेन."

"असं सांगितलंस? माझी मुलगी असून?"

"तुम्ही कधी पाना हातात दिलात, बाबा?"

खरं होतं. 'तू अभ्यास कर, बाजूला हो' एवढंच मी तिला आयुष्यभर सांगितलं. जिना मी केला, कपाट मी केलं, चाकंही मीच बसवली. तिच्यासाठी करता करता तिच्या हातांना काही ठेवलंच नाही.

तिथेच बाकावर असताना निरोप आला. लीना नावाच्या मुलीने लिहिलं होतं: खोली तुझी, तीनशे सत्तर युरो महिना, घरमालकाचं पत्र सोमवारी. स्नेहल मोठ्याने हसली, आणि शेजारच्या कुत्रीवाल्या आजीबाईंनी आमच्याकडे नियम मोडल्यासारखं पाहिलं.

आठव्या दिवशी पलंग आला, सुट्या फळ्यांचा. लीना आणि स्नेहल जमिनीवर बसून तीन तास जोडत होत्या. मी खुर्चीत, दोन्ही हात मांडीखाली. त्यांनी दोन फळ्या उलट्या लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. शेवटी पलंग उभा राहिला, डावा पाय अर्धा सेंटीमीटर वर. स्नेहलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "छान झालाय." असं खोटं मी धंद्यात कधी बोललो नाही.

परत येऊन महिना झाला. प्रवासाचं काय उरलं म्हणाल, तर दुकानात आता नव्या पोरांच्या हातून वेल्डिंगची काडी पटकन काढून घेत नाही. मनातल्या मनात वीस आकडे मोजतो, मग घेतो. स्नेहल फोनवर सांगते की घरात खोली रिकामी झाली की आता तीही बघणाऱ्यांच्या बाजूला बसते.

आणि गेल्या रविवारी उरणचे एक शेठ घरी आले. मुलगा एकुलता, बंगला तीन मजली. म्हणाले, "पोरीला जूनपर्यंत परत बोलवा. लग्नाचा खर्च आमचा. शिक्षणाला गेलेला तुमचा पैसा आमी भरतो, वर थोडे ठेवतो." सोबत आणलेला चेक त्यांनी टेबलावर ठेवला. मी त्याची घडी घालून तो त्यांच्याच खिशात ठेवला आणि चहा दिला. बावीस लाख रुपयांचा होता.