एकानंतर थेट सात

देवासहून मला फोन आला तेव्हा आई ओट्याशी डाळ निवडत होती आणि शेजारी ठेवलेला मोबाइल तिला सांगत होता, ‘दादा यायला एक दिवस’. बुधवारची संध्याकाळ. फोनवर दादाच्या ऑफिसातला सोबती होता. ‘‘भिया, जल्दी आ जाओ... दादा को अटॅक आया है.’’ मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

तो यायला किती दिवस उरले ते सांगणारं मोबाइलवरचं ते पान दादानंच केलेलं. माझा थोरला भाऊ, देवासला प्रोग्रामर, सुट्टी गुरुवारी, तेवढा दिवस घरी यायचा. मी इथे धारला शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, आईजवळ राहतो. तिची औषधं, गॅसचा नंबर, गुडघ्याचा शेक, सगळं माझ्याकडे. पण दिवस मोजायची ती त्याचे! सकाळी डोळे उघडले की मोबाइल. ‘‘तीनच राहिले हं!’’ पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. जो घरातच असतो त्याचं काय मोजायचं? गुरुवारी दाल-बाफले, कणकेचे उकडून भाजलेले गोळे, वरून तूप निथळतंय. शुक्रवारी मला दुधीची भाजी. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदाच सापडला मला. पान केल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी दादा समोर बसून बाफला कुस्करतोय आणि मोबाइल म्हणतोय, ‘सात दिवस’. आई घाबरली, ‘‘अरे, आलास ना तू? मग हे काय?’’ मी लगेच आतलं लिखाण उघडलं. जावास्क्रिप्टमध्ये रविवार शून्य, गुरुवार चार. चारातून आजचा वार वजा करायचा आणि उत्तर शून्याखाली गेलं तरच सात मिळवायचे. या शहाण्यानं शून्य आलं तरी मिळवले होते! ‘‘नववीतली पोरं करतात ही चूक,’’ मी म्हणालो. काय आनंद झाला होता म्हणून सांगू! दादा हसला, ‘‘मान गये भिया,’’ आणि जेवता जेवता उजव्या हाताचं तूप सांभाळत डाव्या हातानं दुरुस्त केलं. आता गुरुवारी ‘आज’ दिसू लागलं. आई म्हणाली, ‘‘किती हुशार आहे, नाही?’’... त्याला!

तेरावं झालं तरी पान चालूच. गुरुवार उजाडला की त्यावर ‘दादा आज’. आई मोबाइल मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसायची. जेव म्हटलं तर ‘‘थांब जरा...’’ म्हणायची. कळत होतं तिला सगळं, तरी घास उतरत नव्हता. ते काढून टाकतो म्हटलं तर माझ्यावरच उखडली. शेवटी एका दुपारी तिचा डोळा लागला असताना मी ते उघडलं आणि दादाची जुनी चूक जशीच्या तशी परत घातली. आता ‘आज’ कधी येणारच नव्हतं. एकानंतर थेट सात.

पुढच्या गुरुवारी आईनं मोबाइल पाहिला. बराच वेळ पाहत राहिली. आणि मग ती चक्क हसली, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. ‘‘अरे, दादाची चूक परत आली! गेला तरी धांदरटपणा काही जात नाही मेल्याचा...’’ डोळे पुसले, उठली, पीठ मळायला घेतलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. माझ्याही ताटात दोन बाफले वाढले, तूप सैल हातानं, आणि सगळा वेळ बोलत होती ती त्याच्याबद्दल.

मोबाइल अजून ओट्यावरच असतो. ‘आई, ते मी केलंय गं’ हे दर गुरुवारी माझ्या अगदी ओठांवर येतं... आणि मी ते बाफल्याबरोबर गिळतो.