बाईंनी पाहिलेला सिनेमा

गल्लीत सगळे त्यांना कॅसेटमामा म्हणत. आपल्या फजितीची ही गोष्ट मामा स्वतःच सांगतात, आणि सांगताना मीठमसाला जरा जास्तच लावतात.

घराघरात केबल आली तेव्हा मामा आपल्या सिनेमाच्या कॅसेट भाड्याने देण्याच्या दुकानात बसून छातीठोकपणे म्हणाले, "हौस फिटली की येतील परत." सीडी आली तेव्हाही तेच म्हणाले. लोक मोबाइलवर सिनेमे बघायला लागले तेव्हा बायको म्हणाली, "आता ते वाक्य पुन्हा नका म्हणू. पोरीला हसू आवरत नाही."

शेवटी दुकान एकाच गिऱ्हाइकावर आलं. समोरच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका. दर शनिवारी एक कॅसेट न्यायच्या, सोमवारी परत आणायच्या. मामा घरी सांगायचे, "मी काय, आज बंद करीन. पण बाई एकट्या आहेत. त्यांचा विरंगुळा कसा काढून घेऊ?" हे बोलताना स्वतःच्या चांगुलपणावर ते स्वतःच खूश व्हायचे.

एका सोमवारी बाईंनी डबा काउंटरवर ठेवला. "छान होता. शेवट जरा लांबवलाय."

मामांनी डबा उघडला. आत कॅसेट नव्हतीच. शनिवारी तपासायला म्हणून दुकानातल्या मशीनमध्ये घातली होती, ती तिथेच राहिली होती. बाईंच्या हाती रिकामा डबा गेला होता.

"बाई, नक्की काय बघितलंत?"

बाई ओशाळून स्टुलावर बसल्या. "आमचं मशीन केव्हाच बंद पडलंय. दुरुस्त करणारा मिळेना."

"मग नेत कशाला होतात?"

"तुम्ही दिवसभर माश्या मारत बसलेले दिसायचात. म्हटलं, एक तरी गिऱ्हाईक असावं माणसाला."

मामांना क्षणभर रागच आला. मग त्यांना हसू फुटलं. "अहो, मी बायकोचे टोमणे खाऊन दुकान चालू ठेवलंय ते तुमच्यासाठी."

"आणि मी जिने चढउतार करतेय ते तुमच्यासाठी. या गुडघ्यांनी."

त्याच महिन्यात मामांनी दुकान बंद केलं. भंगारवाल्याने लोखंडी रॅक आनंदाने उचलले, कॅसेटना मात्र हात लावला नाही. त्या आता पलंगाखाली आहेत आणि बायको झाडू मारताना रोज त्यांचा उद्धार करते. शनिवारी बाई मामांच्या घरी येतात. मुलगी टीव्हीवर सिनेमा लावून देते. बाई आणि बायको पापणी न हलवता बघतात. मामा सुरुवातीची नावं संपायच्या आतच घोरायला लागतात, आणि बायकोने कोपराने ढोसलं की म्हणतात, "जागाच आहे."