लिंबाजीची खडी

कारेगाव फाट्यावर माझं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रा आणि दोन बाकडी. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या गाड्या थांबायच्या म्हणून ते हॉटेल. गाड्या बंद झाल्या आणि मी दिवसभर माशा मारायला मोकळा झालो. तेव्हा रस्त्याबद्दल मी कडू बोललो तर त्यात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकतो. स्वार्थ नसलेला माणूस रस्त्याबद्दल तोंड उघडतच नाही.

लातूर जिल्हा नवानवा झाला होता तेव्हाची गोष्ट. जिल्हा झाला म्हणून आम्ही पेढे वाटले, कारण कचेरीच्या कामाला उस्मानाबादचे हेलपाटे संपले होते. पाठोपाठ बातमी आली, की आमचा रस्ता आता दिल्लीचा होणार, थेट राष्ट्रीय. यंत्रं आली. जुनं डांबर उखडलं. ओढ्यावरचा निजामाच्या वेळचा दगडी पूल कुणाच्या अध्यात ना मध्यात होता, तोही पाडला. कडेनं खडीचे ढीग पडले. मग पावसानं दडी मारली ती मारलीच. दुष्काळाला पैसा लागतो म्हणून रस्त्याच्या पैशाला वरून कात्री लागली, असं ऐकू आलं. दुष्काळाचा पैसा आम्हाला कुठं दिसला नाही, कात्री तेवढी दिसली. आठवड्याभरात यंत्रं गेली, तंबू गेले. मागे राहिली खडी आणि तिचा राखणदार लिंबाजी सूर्यवंशी.

लिंबाजी आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतला. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. अमृतराव पाटलांसारख्या बड्या शेतकऱ्यालासुद्धा तो कधी ‘मालक’ म्हणाला नाही. ‘अमृतराव’ म्हणायचा, पण आदरानं. ठेकेदाराच्या माणसानं जाताना त्याच्या हातात एक शिटी दिली आणि सांगितलं, आम्ही परत येईपर्यंत यातला खडा हलू देऊ नकोस. दिवाळीनंतर पगार यायचा बंद झाला. लिंबाजी राखत राहिला.

खडी मोजून झाली की ढिगावर चुना शिंपडतात. कुणी पाटीभर खडी उचलली तरी चुन्याचा थर फाटतो आणि चोरी उघडी पडते. लिंबाजी रोज सकाळी प्रत्येक ढिगाभोवती फिरून चुना बघायचा. शेळी ढिगावर चढली तर तिच्या मागं धावायचा. पोरांनी एखादा खडा बोरं पाडायला उचलला तर तो परत आणून जागच्या जागी बसवायचा. मी त्याला म्हणायचो, अरे, तू देव्हारा सांभाळतोस की दगड? तो नुसता हसायचा.

रस्ता बंद झाल्याचा राग सगळ्या गावाला होता, पण तो काढायचा कुणावर? दिल्ली लांब, मुंबई लांब, लातूरची कचेरीही तशी लांबच. जवळ होता तो लिंबाजी. येता-जाता लोक त्यालाच विचारायचे, काय रे, रस्ता कधी? जणू तो धोतराच्या सोग्यात रस्ता बांधून बसला होता. एसटी तीन कोस अलीकडूनच वळून जायला लागली, शिव्या लिंबाजीला. अर्धापूरहून केळी घेऊन येणारे ट्रक दुसऱ्या वाटेनं गेले, शिव्या लिंबाजीला. एकदा आम्ही रीतसर रास्ता रोको केलं. झेंडे, घोषणा, सगळं. रस्त्यात दुपारपर्यंत बसलो तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं, की रोखायला एकही गाडी येत नाही. शेवटी सगळे माझ्याकडं चहा प्यायले आणि उठले. माझा तेवढा एक दिवस धंदा झाला.

त्यानंतर अमृतरावांनी सरळ मार्ग काढला. गावात जीप त्यांची एकट्याची, ट्रॅक्टरही त्यांचाच. ते म्हणाले, पाडलेल्या पुलाच्या जागी खडी आणि मुरूम टाकून ओढा भरून घेऊ. ओढा कोरडा ठणठणीत आहे, पाऊस येईपर्यंत भराव टिकेल. आपल्या गाड्या निघतील, डेपोवाल्यांना सांगून एसटीही आणू. गोष्ट शहाणपणाची होती. सगळे मिळून लिंबाजीकडं गेले. लिंबाजी ढिगासमोर उभा राहिला आणि न्हाई म्हणाला.

‘‘तुझ्या बापाची खडी हाय का रं?’’ अमृतराव तापले.

‘‘न्हाई ना अमृतराव. म्हणूनच देता येत न्हाई.’’

त्या दिवशी गाव त्याच्यावर फार चिडलं. हात उगारला गेला नाही एवढंच. संध्याकाळी तो हॉटेलात येऊन बसला तेव्हा मीही त्याला चार शब्द सुनावले. खडी रस्त्याची, टाकणार रस्त्यातच, मग तुझं काय जातंय? त्यानं पाणी मागितलं, घोटभर प्याला आणि पहिल्यांदाच मन मोकळं केलं.

‘‘मन्मथप्पा, कुणी आमच्या वस्तीच्या माणसाजवळ काही राखाया दिलं, असं कधी झालं का? माझ्या आज्यापासून न्हाई. आता दिलंय. उद्या सायेब आले अन् खडी कमी भरली, तर अमृतरावाचं नाव कोण घेणार? म्हणतील, ह्यांना राखाया दिलं अन् ह्यांनीच खाल्लं. ते माझ्या एकट्याला न्हाई म्हणणार. समद्या वस्तीला म्हणतील.’’

मी कपबश्या विसळायला घेतल्या.

आता खरी गोष्ट. लिंबाजीला एकच लेक, चांगुणा. त्याच्या बायकोला, पंचफुलाबाईंना, तीन मुलं होऊन गेली, ही एक जगली. उमरीला दिली होती. जावई व्यंकट रेल्वेच्या कामावर. चांगुणाला दिवस राहिले तसा लिंबाजी अर्धा तिच्यात आणि अर्धा खडीत, असा जगायला लागला. सातव्या महिन्यात तो लेकीला आणायला उमरीला गेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. व्याही ज्ञानोबा समजूतदार माणूस. ते म्हणाले, पाव्हणं, इथं दवाखाना हाय, दारात रेल्वे हाय, तासात नांदेड गाठता येतं. तुमच्याकडं तर रस्ता उखडलाय म्हणतात. राहू द्या की हितंच.

दुसरा एखादा बाप मान डोलावून परत आला असता. पण लिंबाजीला लागलं ते रस्त्याचं बोलणं. रोज सकाळी रस्ता राखणारा माणूस तो, रस्ता होणार नाही असं म्हणवेल कसं? तो म्हणाला, रस्ता माझ्या डोळ्यांपुढं हाय, महिन्याभरात पुरा होतो, लेकीला जीपगाडीत बसवून दवाखान्यात नेईन. ज्ञानोबांनी सुनेचं सामान बांधायला सांगितलं. लिंबाजीनं लेकीला आणलं. शेवटचे तीन कोस बैलगाडीतून, ओढ्याच्या काठाकाठानं, दगडाधोंड्यांचा वळसा घालून. लेक गाडीतून उतरली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

महिना झाला, रस्ता जिथल्या तिथं. नववा लागला. गावात बाळंतपणं करणाऱ्या सरजाबाईंनी पोटावर हात फिरवला आणि पंचफुलाबाईंना बाजूला नेऊन सांगितलं, की पोर आडवं आहे. हे माझ्या हातचं काम नाही. कळा सुरू व्हायच्या आधी हिला मोठ्या दवाखान्यात न्या.

मोठा दवाखाना लातूरला, नांदेडकडचा रस्ता तर पारच उखडलेला. जीप अमृतरावांची, ती ओढ्याच्या अलीकडं. बैलगाडीच्या वाटेवर जीप कलंडणार हे उघड होतं. लेकीला बाजेवर उचलून ओढ्यापलीकडं नेलं तरी पुढं तीन कोस वाहन मिळत नव्हतं. बैलगाडीचं नाव काढताच सरजाबाईंनी कानाला हात लावला. वाट एकच होती, ओढा भरायची. आणि ओढा भरायची खडी लिंबाजीच्या ताब्यात होती.

मला वाटलं, आता तरी हा घेईल. पण लिंबाजी भल्या पहाटे चालत निघाला, एसटी गाठली आणि लातूरला रस्त्याच्या कचेरीत जाऊन बसला. दिवसभर बसला. साहेब दुष्काळाच्या दौऱ्यावर होते. एका कारकुनानं वर न बघताच सांगितलं, वरून लेखी आल्याशिवाय हात लावायचा नाही, पुढच्या आठवड्यात या. लिंबाजी दुसऱ्या दिवशीही गेला. तिसऱ्या दिवशीही. परत आला की हॉटेलाच्या बाकड्यावर बसायचा आणि पाय सारखे हलवायचा. मी एकदा चिडून म्हणालो, अरे कारकुनाला नातू होणार आहे का तुला? तो म्हणाला, ‘‘सायेब आज येणार हायेत म्हणं.’’

साहेब आले नाहीत. कळा आल्या.

सकाळची वेळ होती. पंचफुलाबाईंच्या ओरडण्यानं सगळी वस्ती गोळा झाली. मी फाट्यावरून बघत होतो. लिंबाजी घरातून बाहेर आला तो थेट अमृतरावांच्या वाड्याकडं नाही वळला, आधी ढिगाकडं गेला. फावडं घेतलं आणि चुन्याच्या थरात घातलं. पहिल्या फावड्याला चुना फाटला तसा त्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, दुखऱ्या दातावर काही लागावं तसा. मग मात्र तो धावतच अमृतरावांच्या दारात गेला, मी त्याच्या मागं.

‘‘अमृतराव, खडी घ्या. म्या फोडलाय ढीग.’’

ज्या माणसाला चारचौघांत नकार मिळाला होता तो आता काय बोलेल, याची मला भीती होती. अमृतरावांनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. अर्ध्या घटकेत सगळं गाव ढिगांवर होतं. पाटील, वाणी, वस्तीतली पोरं, बायका, सगळे एका रांगेत पाट्या देत होते. मीही होतो. ऊन असं की खडीला हात लावला तर चटका बसत होता. ओढा भरता भरत नव्हता. खडी घातली की खालच्या पाडलेल्या दगडांच्या फटींत जायची. मधूनच वस्तीतून चांगुणाचा आवाज यायचा आणि पाट्या भराभर फिरायच्या. मग आवाज येईनासा झाला तेव्हा त्याहून भराभर फिरायला लागल्या. लिंबाजी ओढ्यात उभा राहून खडी पसरत होता. त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

दुपार कलल्यावर जीप पार झाली. लिंबाजी आणि पंचफुलाबाई मागं बसले, मधे चांगुणा. धुरळ्यात जीप दिसेनाशी झाली तरी लोक तिथंच उभे होते. कुणाला घरी जावंसं वाटेना.

चांगुणा वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता. डॉक्टरांनी सांगितलं, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. हे वाक्य डॉक्टर किती जणांना म्हणत असतील, पण लिंबाजीनं ते पाठ केल्यासारखं माझ्यापुढं पुन्हा पुन्हा म्हटलं. व्याही आले, रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. महिन्याभरानं चांगुणाला उमरीला घेऊन गेले. त्या भरावावरूनच गेले, कारण एसटी आता फाट्यापर्यंत यायला लागली होती. माझ्या हॉटेलात पुन्हा गिऱ्हाईक आलं. मला ते गल्ल्यावर बसून बघवत नव्हतं, हे खरं आहे.

गावानं लिंबाजीला शिव्या देणं बंद केलं. पण त्याचं लक्ष आता गावाकडं नव्हतंच. तो साहेबाची वाट बघत होता. रोज धुतलेला सदरा घालून अर्ध्या उरलेल्या ढिगापाशी बसायचा. अमृतरावांनी स्वतः येऊन सांगितलं, की खडी गावानं घेतली असं सांगू, तुझं नाव घेणार नाही. लिंबाजी म्हणाला, फावडं म्या घातलं. काय व्हायचं ते माझं होऊ द्या, वस्तीवर येऊ देऊ नका. रात्री त्याला झोप नाही, असं पंचफुलाबाई सांगायच्या. पोलीस येतील, हातकडी घालतील, आणि वस्तीतली पोरं ते बघतील, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

साहेब आले ते पावसाळा तोंडावर आल्यावर. तरुण इंजिनियर होता, नवाच बदलून आलेला. जीप भरावावरून आली आणि माझ्या हॉटेलापुढं थांबली. लिंबाजी हात जोडून पुढं गेला आणि सगळं सांगितलं. ढीग कुणी फोडला, कधी, कशासाठी. लेकीचंही सांगितलं, नातवाचंही. एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाला, सायेब, ह्यात वस्तीचा कुणी न्हाई, म्या एकटा हाय.

इंजिनियरला त्याच्या बोलण्यातलं अर्धं कळलंच नसावं. तो ढिगाकडं बघून म्हणाला, ‘‘ही खडी? बाबा, हे काम मागच्या वर्षीच रद्द झालं. ही खडी तेव्हाच सोडून दिली. गावाला पाहिजे तर घेऊन जा म्हणून तेव्हाच ठरलं होतं.’’

मी हातातली किटली खाली ठेवली. लिंबाजीचे हात अजून जोडलेलेच होते. त्याला ते सोडायचं सुचलं नाही.

‘‘मग सायेब,’’ तो म्हणाला, ‘‘एवढं सांगाया कुणी आलं का न्हाई?’’

इंजिनियर वाईट माणूस नव्हता. तो ओशाळला. चहाचा कप हातात फिरवत त्यानं जे खरं होतं ते सांगितलं.

‘‘यायला रस्ता कुठं होता, बाबा?’’