कुडावरची पानं

ओल्या मातीत पान उठवायचं तर ते पालथं दाबावं लागतं. पानाच्या वरच्या अंगाला शिरा नुसत्या दिसतात, पाठीला त्या हाताला लागतात. पाठ मातीकडे करायची, मधल्या शिरेपासून कडेकडे बोटांनी दाबत जायचं आणि मग त्याला हात लावायचा नाही. घाईनं उचललं तर माती पानाबरोबर निघून येते. आपलं आपण वाळून ते गळून पडलं, की खाली सगळ्या शिरा राहतात, बारीक बारीकसुद्धा. हे मला कुणी शिकवलं नाही. पडवीचा कूड, म्हणजे काठ्यांची भिंत, लिपताना एकदा नेच्याचं पान ओल्या मातीला चिकटलं, ते मी तसंच राहू दिलं, आणि चार दिवसांनी बघितलं तर पान नव्हतं आणि पान होतं. मग मी आणखी लावली. आपट्याची, भोकराची, खाली एक ओळ नेच्याची.

माझं माहेर उत्रोलीचं. वडिलांनी मला भोरच्या शाळेत चौथीपर्यंत जाऊ दिलं. पुढं लग्न होऊन पासलीत आले. उत्रोलीहून भोर चालत जाता येतं. पासलीहून भोर म्हणजे बैलगाडीनं निघायचं, मार्गासनीला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पोचायचं. सासरी मी फार बोलत नसे. तशी माहेरीही बोलत नव्हते, पण तिथं ते कुणाला खुपत नव्हतं.

माझे यजमान लग्नाआधीपासून मुंबईत एका चहाच्या हॉटेलात कामाला होते. तोंडानं कधी त्यांचं नाव घेतलं नाही, तर लिहितानाही नुसतं 'हे'च लिहिते. त्या वर्षी शिमग्याला हे घरी आले आणि पडवीत पाय धुताना थांबले.

"हे कुनी केलं?"

मी आत चुलीजवळ होते. मला वाटलं, आता बोलणी बसणार. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या साळा शिकल्याल्या बायकुनं. लिपायला सांगितलं तर भित्ताडाला पाला लावत बसली."

 दाराच्या फटीतून मी बघितलं. ओल्या बोटानं हे नेच्याच्या एकेका शिरेवरून जात होते, लहान मुलं अक्षरं गिरवतात तसं. माझ्या हाताच्या कामाकडे कुणी इतका वेळ बघितलेलं मला आठवत नाही.

जेवताना त्यांनी सांगितलं, की मुंबई सोडून भोरला बाजाराजवळ स्वतःचं चहाचं हॉटेल काढायचं आहे. जागा बघून ठेवली होती. मुंबईच्या हॉटेलांत भिंतभर आरसे असतात, म्हणे.

"मग तू बी आरसं लावनार व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

"नगं. आरशात मानूस आपलंच थोबाड बघतंय, आन् ते तर त्यानं सकाळीच बघितल्यालं आसतंय. म्या रान लावनार. असली पानांची भिंत म्या मुंबईत कुठं बघितली न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागं एक खोली हाय. हाटेल पुरं लागलं की तू तिकडंच ये. हितं कशाला?"

त्या रात्री मी सगळं मनात मांडून ठेवलं. चूल कुठं, पाण्याचा हंडा कुठं. आईला दम्याचा त्रास होता, थंडीत तिला बसून रात्र काढावी लागे. उत्रोली तिथून इतकी जवळ, की सकाळची कामं उरकून तिच्याजवळ बसून यावं आणि दुपारच्या स्वयंपाकाला परत हजर असावं. मला दुसरं काही नको होतं.

मी कामाला लागले. आदल्या वर्षी आमच्याकडे कारवी फुलली होती. कारवी वर्षानुवर्षं नुसती हिरवी राहते, मग एका वर्षी सगळा डोंगर जांभळा होतो, आणि फुलून झाली की झाडं उभी वाळतात. त्यामुळे काठ्यांना तोटा नव्हता. काठ्या उभ्या-आडव्या बांधून दाराएवढ्या ताट्या करायच्या, शेणमाती चोपडायची, वरून बारीक तांबड्या मातीचा हात द्यायचा आणि पानं दाबायची. शेतातलं काम संपलं की मी गोठ्यामागं हेच करत बसे. तेव्हा मला पानांचे आकार दिसायला लागले. आपट्याचं पान जोडीनं बसल्यासारखं असतं. नेच्याचा कोवळा शेंडा गोगलगाईच्या पाठीसारखा गुंडाळलेला असतो, तो तसाच दाबला तर मातीत भोवरा उठतो. एका ताटीवर मी खालून वर असे सगळे भोवरेच लावले.

ताट्या पेंढ्यात बांधून भोरला न्यायचं काम गावातल्या एका म्हाताऱ्या गाडीवानाचं होतं. त्यांना सगळे मामा म्हणत. परत आले की ते अंगणातूनच ओरडत.

"सूनबाई, ह्या ताट्या न्हाईत, ह्या बाळंतिनी हायत! खड्डा आला की त्या गप आन् म्याच कन्हतोय."

"पोचल्या का सगळ्या?"

"एकीचा टवका उडाला. तुजा धनी म्हनला, मागल्या अंगाला लावतो. आनि दोन पायजेत म्हनं. आन् भोपळं पायजेत, वाळल्यालं."

भोपळे मी वाळवले, पोकळ केले आणि दाभणानं त्यांना भोकं पाडली. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, एकाला एक लागून. आत दिवा ठेवला, की भिंतीवर उजेडाचे ठिपके पडत. मग यांनी सुगरणीची घरटी मागितली. विणीचा हंगाम संपल्यावर विहिरीवरच्या झाडाखाली पडलेली मी वेचली. त्यांतली बरीच अर्धवट होती. नर घरटं विणत आणतो, मादी येऊन बघून जाते आणि तिला पटलं नाही तर तो ते तसंच सोडतो.

सासूबाई ती टोपली बघून शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या घरातलं उलटंच हाय बाई. नर घरटं बांधून एकलाच झुलतोया, आन् मादी हितं शेन थापतीया."

दोघी खूप हसल्या. मीही हसले. पण सासूबाई मला सोडायलाही तयार नव्हत्या. भाताची रोपं लावायला, आवणीला, हात कमी पडत. हे सणाला येत, तेव्हा म्हणत, "आवनी झाली की बघू." आवणी झाली की कापणी असे. कापणी झाली की हॉटेलात काहीतरी लावायचं राहिलेलं असे. बांधावरचं एक जांभळीचं झाड त्यांनी तोडून नेलं, फांद्यांचे खुंट तसेच ठेवून, माळ्याला टेकू म्हणून हॉटेलाच्या मधोमध उभं करायला. मला वाटलं, आता झालंच. झाड उभं राहिलं म्हणजे आणखी काय राहणार? तर चुलाण्याच्या मागे धुरानं भिंत काळी पडली होती आणि तिथं एक ताटी हवी होती.

मी कधी विचारलं नाही. हे जेवायला बसले की शब्द ओठांपर्यंत येत, आणि तेवढ्यात त्यांना भाकरी हवी असे. मी मागून वाढत राही. पटपट ताट्या पाठवल्या तर हॉटेल लवकर पुरं होईल, एवढंच मला कळत होतं.

आई गेल्याचा निरोप पासलीला पोचायला दीड दिवस लागला. मी उत्रोलीला पोचले तेव्हा घर सारवून झालं होतं. यांनी भोरहून येऊन खांदा दिला होता, रात्रभर माणसांत बसले होते आणि सकाळी हॉटेल उघडायला गेले होते. भाऊबंद त्यांचं नाव काढत होते. मी आईच्या अंथरुणाच्या जागी बसले. तिथं सारवण अजून ओलं होतं.

दादा, माझा थोरला भाऊ, आईचे दिवस झाल्यावर मला पोचवायला निघाला, तेव्हा वाटेत म्हणाला, "आई हाटेलाचं लई इचारायची. म्या बाजारला जाऊन आलो की म्हनायची, भिंतीला हात लावून बघितलास का? तिची बोटं दिसत्यात का त्यात? म्या म्हनलं, आई, पानं दिसत्यात. तर म्हनायची, पानं न्हाई रं, बोटं."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्या बघितलीच न्हाईत कदी. च्या प्यायचा आन् निगायचं. चल, आता जाताना बघू."

बायका हॉटेलात जात नसत. दादानं मला मागच्या दारानं नेलं. तीच ती खोली. तिथं छपरापर्यंत कोळशाची पोती होती, दुधाची भांडी होती, मोडका बाक होता. पाय ठेवायला एक वाट तेवढी होती, पुढच्या दारापर्यंत. मी मनात जिथं चूल मांडली होती तिथं फुटक्या कपांचा ढीग होता.

पुढच्या दारात मी पदर ओढून उभी राहिले आणि हॉटेल बघितलं.

ते सुंदर होतं. मी केलं म्हणून म्हणत नाही. मधोमध जांभूळ उभं होतं आणि खुंटांना घरटी लोंबत होती, अर्धी आणि पुरी. ढग आल्यामुळे दिवसाच भोपळ्यांत दिवे लावले होते आणि उजेडाचे ठिपके माणसांच्या पागोट्यांवर, टोप्यांवर, कपबश्यांवर पसरले होते. तिन्ही भिंतींना माझी पानं होती. बाकावर टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याचं तेल लागून तेवढ्या उंचीवरची पानं काळी, चकचकीत झाली होती. एक कचेरीतले असावेत असे गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "अहो मालक, भिंतीला पालवी फुटली, आता तुमच्या भज्यांनाही जरा फुगू द्या!" आणि सगळे हसले. हेही हसले. मी त्यांना घरी असं हसताना पाहिलं नव्हतं.

दाराला लागून भोवऱ्यांची ताटी होती. मी हळूच हात लावला. पानांच्या कडेकडेनं माझी बोटं उमटलेली होती. इतकी ठळक, की त्यांत बोट ठेवलं तर बरोबर बसत होतं. लिपताना मला ती कधी दिसली नव्हती.

"दादा, हायत," मी म्हणाले. दादानं बघितलं आणि तोंड फिरवलं.

यांचं लक्ष गेलं, तसे ते कपबशी घेऊन मागं आले. मला कोळशाच्या पोत्यावर बसवलं. साखरेचा चहा, वर साय. आईबद्दल दोन शब्द बोलले. चांगलं बोलले. मग दाराकडे मान करून म्हणाले, "बघितलंस? हितं बसलं की अक्षी पासलीतच बसल्यागत वाटतंय बघ. पयल्यांदा घरची लई सय यायची. आता येत न्हाई."

मला खूश करायला ते बोलले. मी बशी खाली ठेवली. तेव्हा एकदाच माझ्या तोंडून निघालं, "ही खोली..."

"व्हय गं, खोली. कोळसा ठेवायला दुसरी जागाच न्हाई बघ. पुढल्या साली काय तरी करू." पुढून कुणीतरी हाक मारली. जाता जाता त्यांनी दादाला विचारलं, "गाडी कवा सुटनार हाय?"

मी पासलीला परत आले. आई राहिली नव्हती, आता भोर आणि पासली मला सारखीच होती. तरी वाट बघायची सवय काही दिवस सुटली नाही. गाडीचा आवाज आला की हातातलं काम थांबे.

पुढं मामा एकदा निरोप घेऊन आले, एक ताटी बदलायची आहे. मी ताटी केली, माती लावली, गुळगुळीत केली आणि तशीच पाठवली. मामा परत आले तेव्हा म्हणाले, "त्यो इचारत हुता, पानं लावायची राहिली का?"

"गळाली म्हणावं," मी म्हणाले.

मामा बैल सोडायला गेले. त्यांनी यांना काय सांगितलं मला माहीत नाही. यांनी पुन्हा ताटी मागितली नाही.

दुसरी मोठी लढाई आली. साखर मिळेना, रॉकेल मिळेना. ज्या वर्षी कारवी पुन्हा फुलली, त्या वर्षी हॉटेल बंद झालं आणि हे घरी आले. सासूबाई तोवर गेल्या होत्या. गाडीत कपबश्यांची एक पेटी होती आणि घरट्यांची टोपली. ताट्या काढताना भुगा झाल्या, म्हणाले. मी बरं म्हटलं.

घरटी त्यांनी पडवीच्या आढ्याला टांगली. संध्याकाळी तिथं खाली बसून ते डोंगराकडे बघत. त्यांना भोरची आठवण येई. गिऱ्हाइकांची, बाजाराच्या गलबल्याची. समोर सगळा उतार जांभळा झालेला असे, पण त्यांचं लक्ष नसे.

एक दिवस मी गुळाचा चहा घेऊन गेले तर ते पडवीच्या जुन्या कुडाला हात लावून बसले होते. तिथलं पहिलं नेच्याचं पान अजून होतं. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "तू भोरला आली आसतीस तर हाटेल मोडलं नसतं बघ. मागं बाईमानूस आसलं की समदं निबावतंय. म्या किती डाव म्हनलो तुला. पर तुला पासली सोडवंना."

रागानं नाही म्हणाले. समजूतदारपणानं म्हणाले, मला त्या दोषातून मोकळी केल्यासारखं. त्यांना ते तसंच आठवत होतं.

माझ्या हातात भोरची कपबशी होती. मी ती त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"प्या," मी म्हणाले, "गार होतोय."