बुजवलेली खिडकी आणि माझी फुप्फुसं

"घरी कबुतरं पाळलीत का?" माझा सीटी स्कॅन उजेडाला धरून डॉक्टरांनी विचारलं.

मला राग आला. दोन महिने खोकून बरगड्या दुखत होत्या, पाण्याची घागर उचलली तरी धाप लागत होती, आणि हा माणूस कबुतरांची चौकशी करत होता. मी म्हटलं, "कबुतरं न्हायत. यंत्रमाग हायत. वडगावात साड्या विणतो आमी."

"माग घरातच?"

"पुढं माग, मागं आमी."

त्यांनी फिल्म खाली ठेवली आणि आजाराचं नाव सांगितलं : हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. श्वासातून रोज आत जाणारी एखादी गोष्ट फुप्फुसांना सोसत नाही आणि ती आतून सुजतात. कुणाला पक्ष्यांच्या विष्ठेमुळे होतं, कुणाला कुजलेल्या गवतामुळे, कुणाला भिंतीवरच्या बुरशीमुळे.

थंडी पडली की ज्यांच्या घरात खोकला येतो आणि जायचं नाव घेत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधीच्या डॉक्टरांनी मला खोकल्याचं औषध दिलं, मग अँटिबायोटिक, मग वेगळं अँटिबायोटिक. शेवटी म्हणाले, "वय झालं, मनाला लावून घेऊ नका." मी कुठल्या हवेत राहते हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांच्या दारावरून जाताना अजून माझं डोकं फिरतं. घरी नवऱ्याचं निदान वेगळंच. "दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडतीस, दम लागंल न्हाय तर काय हुईल?"

नव्या डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला : घराबाहेर राहिल्यावर बरं वाटतं का? तेव्हा मला बहिणीचं गाव आठवलं, गुंजी. तिच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. पाहुण्यांच्या पंगती वाढल्या, भांडी उचलली, तरी खोकला जवळजवळ गेला होता. परत आले आणि त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. लग्नातलं जेवण बाधलं म्हणून मी बहिणीला फोनवर बोलले होते.

मग स्पायरोमेट्री झाली. म्हणजे नाक चिमट्यानं बंद करून नळीत जोरानं फुंकायचं. फुप्फुसांत किती हवा मावते ते यंत्र दाखवतं. तिथली मुलगी सारखी म्हणत होती, "आजी, अजून, अजून." माझ्याकडे अजून नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "स्टिरॉइडच्या गोळ्यांनी सूज उतरेल. पण तीच हवा आत जात राहिली तर फायब्रोसिस होईल. फुप्फुस व्रण भरून आल्यासारखं आखडतं आणि परत सैल होत नाही. हवा बदला. नाही जमलं तर घर बदला."

घर बदला, म्हणे. दुसऱ्याच्या मागावर उभी राहून मी हे काम शिकले आणि एकेक करत स्वतःचे माग उभे केले. ते सोडून जायचं कुठं?

आमच्याकडे थंडीत कोरडा वारा सुटतो. त्या हवेत मागावरचे उभे धागे पटापट तुटतात, आणि धागा तुटला की माग थांबतो. म्हणून विणकर फरशीवर पाणी मारतात, ओली पोती पसरतात आणि दारं-खिडक्या घट्ट लावून घेतात. सगळे असंच करतात. ती दमट हवा थंड भिंतीला लागून भिंतीला पाणी सुटतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

नवऱ्यानं बुरशी शोधायला झोपायच्या खोलीतलं कपाट ओढलं तर मागची भिंत काळीकुट्ट. दर दिवाळीला रंगारी त्यावर रंग फासून जायचा. बुरशी रंगाखाली वाढत होती.

त्याच भिंतीत पूर्वी खिडकी होती. पलीकडे माझ्या धाकट्या दिराचं अंगण. वाटण्या झाल्यावर मागांचा खडखडाट नको म्हणून त्यानं ती विटांनी बुजवून टाकली. तेव्हापासून आमच्या घरातली हवा बाहेर पडायची वाटच बंद, आणि तेव्हापासून माझं त्याच्याशी बोलणंही बंद.

गोळ्या सुरू करून मी बहिणीकडे राहायला गेले. माझ्या मागं नवऱ्यानं एन-९५ मास्क लावून भुसभुशीत गिलावा खरवडून टाकला. हे काम आजारी माणसानं करू नये आणि त्या वेळी घरातही थांबू नये. बुरशीवर नुसता रंग तर कधीच लावू नये.

राहिली खिडकी. ती माझ्याशिवाय कुणाला मागता आली नसती. परत आल्यावर मी दिराच्या ओट्यापाशी उभी राहिले. सौदा मनात तयार होता. त्याला गाडी लावायला आमच्या बाजूची वाट हवी होती, ती अगदी शेवटी सोडायची.

"खिडकी उघडायची हाय," मी म्हटलं.

तो चहा पीत होता. "कवा?"

"आधी तुझं काय मागणं हाय ते सांग."

"माझं काय न्हाय, वैनी. फोडा."

"काय न्हाय कसं? वाट पायजे हुती न्हवं तुला?"

"नको वाट. दादा सांगत हुता, तुमाला लई दम लागतोय."

"आवाज येतोय म्हणून तूच बुजवलीस की."

"मागाचा थांबला, तुमचा कुठं थांबला? भिंतीतनं बी येतोयच. फोडा."

आयुष्यात पहिल्या शब्दाला कुणी मला काही दिलं नव्हतं, मीही दिलं नव्हतं. घासाघीस न करता मिळालेल्या वस्तूचं काय करतात ते मला कळेना. संतापूनच घरी आले.

आता त्या खिडकीत एक्झॉस्ट फॅन आहे, हवा बाहेर फेकणारा पंखा. पाणी अख्ख्या फरशीवर मारत नाही. ओली पोती फक्त धाग्यांखाली घालतो. दुपारी उन्हाच्या वेळी दारं उघडी असतात. कपडे घरात वाळत घालत नाही. कपाट भिंतीपासून हातभर लांब आहे. धागे पूर्वीपेक्षा जास्त तुटतात. जोडतो.

पुन्हा नळीत फुंकलं तेव्हा आकडा वर गेला होता. डॉक्टर म्हणाले, "पूर्ण परत येईल असं नाही, पण आहे ते टिकेल." त्यांचे आभार मी तिथेच मानले.

दिराचेही मानावेत, असं नवरा रोज म्हणायचा. शेवटी गेले. खिडकी दिलीस त्याबद्दल आभारी आहे, असं त्याला त्याच्या बायकोदेखत सांगितलं. तीच खिडकी तू बुजवली नसतीस तर माझी फुप्फुसं शाबूत राहिली असती, हेही सांगितलं. वाटण्यांपासून साठलेलं जेवढं होतं तेवढं सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला, आणि श्वास घ्यायला मला मध्ये एकदाही थांबावं लागलं नाही.