इंग्रजी शिवी आणि येळवशीचं आवतण

जन्मभर लातुरात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे माझा एक गोड समज होता: इंग्रजीत दिलेली शिवी ही शिवी नसते. मराठीत दिली की संस्कार बुडतात, इंग्रजीत दिली की वाचन दिसतं.

दिवाळीनंतर कळलं, देवणीकडच्या आमच्या शेतातला बांधावरचा आंबा थोरल्या भावानं मला न विचारता तोडला. मी फोनवर तडकलो आणि त्याला इंग्रजीत ‘कर’ (cur) म्हणालो. जुना शब्द आहे, भेकड, गावठी कुत्र्यासाठीचा.

"म्हंजी काय रं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," म्हणून मी फोन ठेवला.

मग येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, जवळ आली. आमच्याकडं या अवसेला अख्खं गाव शेतात जेवतं, वाटसरूलाही हाताला धरून पंगतीत बसवतात. मला भावाचा फोन दरवर्षी आठ दिवस आधी यायचा. यंदा आला नाही. मला धडकीच भरली. आई-वडिलांच्या मागं माझं म्हणावं असं एवढंच घर उरलं होतं.

गुन्हेगार वकिलाकडं जातो, मी शब्दकोशाकडं गेलो. आणि काय माझं भाग्य! शब्द बहुधा गुरगुरण्यावरून आलाय म्हणे. मुळात त्यात शिवी नव्हतीच. शेतकऱ्याचं घर नि गुरं राखणारं कुत्रं, एवढाच अर्थ. शिकारी कुत्री पाळणाऱ्या बड्या लोकांनी पुढं नाक मुरडलं, तेव्हा कुठं ती शिवी झाली.

येळवशीला आवतणाशिवायच गेलो. वाटेत बांधावर आंब्याचं खोड दिसलं. वाळवीनं आतून पार पोकळ केलं होतं. मी नजर दुसरीकडं वळवली.

पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीसमोर भाऊ शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढत होता. मी उभ्याउभ्याच त्या शब्दावर व्याख्यान दिलं. त्यानं ते वाढता वाढता ऐकून घेतलं.

"नातीनं मोबाईलात बघून त्याच दिवशी सांगितलं मला. तिनं शिवीच सांगितली," तो म्हणाला. "पर तुझा अर्थ बरा हाय. राखणच तर करीत आलोय मी."

माझा जीव भांड्यात पडला. त्यानं बाजरीच्या पिठाचा वाफवलेला पहिला उंडा गोठ्यावरच्या कुत्र्यापुढं ठेवला, मग माझ्यापुढं पत्रावळ मांडली.

"आता एक सांग, मास्तर. राखायला कधीच न्हाई, अन् वर्साला एकदा जेवायला येतंय, त्याला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

"भज्जी वाढ," म्हणालो, आणि मान खाली घालून जेवलो.