ज्यांच्या गाडीने मत द्यायला आले

मंडळी, आमची चिखली मागे पडली. पुण्याला परतणाऱ्या गाडीत बसून लिहितेय.

आज आयुष्यातलं पहिलं मत दिलं. यंदा आमच्या गावाला बाई नगराध्यक्ष मिळणार. पुण्यात नोकरी करणाऱ्या आम्हा पोरापोरींना आणायला ही गाडी पाठवली ती आमच्या गल्लीतल्याच उमेदवार काकूंनी.

मी मत दिलं काकूंच्या विरोधात उभ्या असलेल्या बाईंना. नीट विचार करूनच दिलं.

निघताना काकू स्वतः गाडीत चढल्या, प्रत्येकाच्या हातात जेवणाचा डबा दिला. मत कुणाला दिलं ते आता विचारतीलच म्हणून मी शाईचं बोट ओढणीत लपवलं.

त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी, तू खिडकीपाशी बस. तुले गाडी लागते न."

डबा अजून मांडीवर तसाच आहे. तुम्ही उघडला असता?